पप्पा पोलीस खात्यात, ५५ पूर्ण झाली. ५०/५५ च्या लिस्टमध्ये सक्तीने घरी पाठवतात का? आणि रिटायरमेंट नक्की ५८ का ६०?

हवालदाराची_लेक

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय इथे, चुकलं तर सांभाळून घ्या. माझे पप्पा सहायक फौजदार आहेत, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्यात. शिपाई म्हणून भरती झाले होते, सगळी सर्व्हिस ग्रामीणच्या पोलीस स्टेशनांत आणि मधली काही वर्षं हेडक्वार्टरला. या वर्षी त्यांना ५५ पूर्ण झाली. आता गेला महिनाभर पोलीस स्टेशनात एकच चर्चा, की ५५ झालेल्यांची लिस्ट एसपी ऑफिसने मागवलीय आणि जे फिट नाहीत त्यांना सक्तीची रिटायरमेंट देणार. पप्पांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय, तेव्हापासून साहेबांनी त्यांना समन्स-वॉरंटचं काम दिलंय, बंदोबस्त असला की जातात पण नाईट शक्यतो लावत नाहीत. शिवाय सर्व्हिसमध्ये दोन जुन्या कसुऱ्या (चुकांच्या नोंदी) आहेत, एकदा कोठडीच्या गार्डवर उशिरा पोचले म्हणून आणि दुसरी कशाची ते सांगत नाहीत 😅

त्यांच्याच बॅचचे एक काका म्हणतायत की सक्तीने काढण्याआधी आपणच व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) टाकलेली बरी, नाहीतर पेन्शनला डाग लागतो. मम्मी तेव्हापासून झोपत नाहीये कारण घराचं लोन अजून चालू आहे आणि लहान भाऊ भरतीची तयारी करतोय, त्याचं अकॅडमीचं पण चालू आहे. आणि त्यात व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरतोय की राज्य सरकारने निवृत्तीचं वय ६० केलं. म्हणजे एकीकडे ५५ ला घरी आणि दुसरीकडे ६०, नक्की खरं काय? कोणी खात्यातलं किंवा माहीतगार असेल तर प्लीज सांगा. पप्पांना विचारलं की म्हणतात तू तुझा अभ्यास कर.

बंदोबस्त_२४तास

ताई टेन्शन नका घेऊ. गणपतीत तीन दिवसाची रजा मागितली तर देत नाहीत, कायमची सुट्टी कोण देतंय 😂 आमच्याकडे दरवर्षी ही लिस्ट निघते, दरवर्षी चार दिवस सगळे चहाच्या टपरीवर तोंड पाडून बसतात आणि मग कोणालाच काही होत नाही.

आस्थापना_टेबल

वरच्या भाऊंनी धीर दिला ते बरं केलं, पण कोणालाच काही होत नाही हे तितकं खरं नाही. मी पोलीस खात्यात मिनिस्टेरियल स्टाफमध्ये होतो, बरीच वर्षं आस्थापनेच्या टेबलावर काढली, याच फायली हाताखालून गेल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ६० चा विषय संपवू. महाराष्ट्रात पोलीस शिपायापासून पीआय, डीवायएसपीपर्यंत सगळ्यांचं निवृत्तीचं वय ५८ च आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम १९८२, त्यातला नियम १०. केंद्राने १९९८ ला आपल्या लोकांचं ५८ चं ६० केलं, आपल्याकडे राजपत्रित अधिकारी महासंघ तेव्हापासून मागतोय पण सरकारने केलेलं नाही. तो मेसेज मी दर सहा महिन्याला बघतो, आता तर त्यावरच्या सहीचा फोटोसुद्धा ओळखीचा झालाय. फक्त ग्रुप डी ला ६० आहे. म्हणजे एसआरपीच्या मेसमधला ग्रुप डी चा स्वयंपाकी ६० ला जातो आणि त्याच्या हातचं जेवून दंगलीत उभा राहणारा जवान ५८ ला. आणि आयपीएस ६० ला, कारण त्यांचे नियम दिल्लीचे, १९५८ चे ऑल इंडिया सर्व्हिसेसचे. म्हणूनच स्टेट सर्व्हिसवाले साहेब लोक आयपीएस नॉमिनेशनसाठी इतके जीव टाकतात, नावापुढची तीन अक्षरं तर मिळतातच पण दोन वर्षं जास्तीची मिळतात.

आता तुमच्या पप्पांचं. लोक तीन वेगळ्या गोष्टी एकाच टोपलीत टाकतात आणि घाबरतात. एक म्हणजे ५८ ची नेहमीची रिटायरमेंट, ती सगळ्यांना सक्तीचीच आहे. दुसरी म्हणजे शिक्षा म्हणून दिलेली सक्तीची सेवानिवृत्ती, त्याला आधी खातेनिहाय चौकशी लागते, दोषारोप, साक्षीदार, कारणे दाखवा नोटीस, सगळं रीतसर. पेन्शन कमी होऊ शकते ती या प्रकारात. आणि तिसरं तुमच्याकडे चर्चा चाललीय ते, पन्नास-पंचावन्नचं पुनर्विलोकन. हे नियम १०(४) खाली होतं. पस्तिशीच्या आत नोकरीला लागलेले राजपत्रित अधिकारी असतील तर ५० ला, बाकीच्यांचं ५५ ला, आणि ३० वर्षं सेवा झाली की तेव्हाही बघतात. ही शिक्षा नाही. यात पेन्शनला डाग बिग काही लागत नाही, जेवढी सेवा झाली त्यावर पूर्ण नियमाप्रमाणे पेन्शन, ग्रॅच्युइटी, रजा रोखीकरण सगळं मिळतं. तीन महिन्यांची नोटीस किंवा तीन महिन्यांचा पगार द्यावा लागतो.

लिस्ट मागवणं म्हणजे घरी पाठवणं नाही. लिस्ट तर मागवावीच लागते, प्रत्येक ५५ वाल्याचं नाव त्यात जातंच जातं. समिती पुढं तक्ता जातो. त्यात नाव, जन्मतारीख, नेमणूक तारीख, मागच्या वर्षांचे गोपनीय अहवाल (सीआर), शिक्षा, बक्षिसं, चौकशी प्रलंबित आहे का, आणि तब्येतीचा एक कॉलम. बहुसंख्य नावांपुढं "सेवेत ठेवण्यास पात्र" असं लिहून तक्ता संपतो. अडकतात कोण? ज्याची सचोटी संशयास्पद असा शेरा सीआरला पडलाय, अँटी करप्शनची ट्रॅप झालीय, किंवा जो महिनोन् महिने गैरहजर किंवा सिक रिपोर्ट करून गावी बसलाय असा. अँजिओप्लास्टी होऊन रोज हजेरीला येणारा आणि समन्स बजावणारा माणूस यात बसत नाही. समन्स-वॉरंट अंमलदार रोज किती फिरतो ते कोर्टाला विचारा. दोन कसुऱ्या तर माझ्या आठवणीत कोणाच्या नाहीत असा शिपाई विरळा, आणि बक्षिसांची पानं किती आहेत तेही बघा ना.

एक काम मात्र आजच करा. पप्पांना म्हणावं सेवापट आणि सीआरच्या प्रती मागून घ्या, माहिती अधिकारात स्वतःच्या मिळतात. बघायचं काय तर गोपनीय अहवाल सगळ्या वर्षांचे लिहिलेत का. बदली झालेल्या वर्षात साहेब गेले, नवीन आले, सीआर राहून गेला, असं फार होतं आणि समितीपुढं कोरं पान गेलं की उगाच प्रश्न येतात.

भरती_२०२६

माफ करा पण एक बोलू का. वरती सगळे ५८ चं ६० करा म्हणतायत (सगळे नाही पण सूर तोच). आम्ही काय करायचं? २०२४ च्या भरतीत १७,४७१ जागा होत्या आणि फॉर्म आले १७ लाखाच्या वर, एका जागेमागं शंभर पोरं. ओपनला २८ वर्षं मर्यादा, कॅटेगरीला ३३. मी पहाटे साडेचारला ग्राउंडला असतो, १६०० मीटरला पाच सेकंद इकडं तिकडं झाले की मार्क जातात, आणि इकडं तुम्ही लोक दोन वर्षं वाढवून मागताय. दोन वर्षं कोणी रिटायरच झालं नाही तर दोन वर्षं जागाच निघणार नाहीत, तेवढ्यात आमच्यातल्या कितीजणांचं वय निघून जाईल. ताई तुमचा भाऊ पण तयारी करतोय ना, त्याला विचारा.

डे_नाईट_शिपाई

भावा तुझं बरोबर आहे पण राग चुकीच्या माणसावर काढतोयस. आम्ही कोण ६० मागतोय? हे मंत्रालयात एसीत बसणारे मागतात. मी सव्वीस वर्षं नोकरी केली, आमच्यातल्या कुठल्याही शिपायाला एकांतात विचार, तो म्हणेल ५८ पण लांब वाटतंय. गुडघे गेलेले, बीपी शुगर ठरलेली, डे-नाईट करून झोपेचं वाटोळं. निवडणूक, आषाढी, गणपती, ३१ डिसेंबर, व्हीआयपी, मोर्चा, आणि मधे रोजचं पोलीस स्टेशन. आठ तासाची ड्युटी म्हणून २०१६ ला मुंबईत देवनारला सुरू झालं होतं, पडसलगीकर साहेब सीपी (पोलीस आयुक्त) असताना, चांगला प्रयोग होता, काही ठिकाणी अजून चालतं काही ठिकाणी कागदावर. आमच्याकडं ग्रामीणला बारा तास म्हणजे कमीत कमी बारा.

आणि कोविड आठव. एप्रिल २०२० मध्ये मुंबईत आपले तीन जण गेले आणि मग आयुक्तांनी ऑर्डर काढली, ५५ च्या वरच्यांनी घरी थांबायचं, ५२ च्या वर बीपी शुगरवाले असतील त्यांनी पण. तेव्हा खात्याला कळलं की या वयाचा माणूस रस्त्यावर उभा करणं म्हणजे काय. कोविड गेला की परत त्याच माणसाला उन्हात पॉईंटवर उभा केला. म्हणून मी म्हणतो वय ५८ ठेवा नाहीतर ६० करा, ५० च्या पुढं अंगमेहनतीची ड्युटी बंद करा, कोर्ट, बारनिशी (आवक-जावक), मुद्देमाल, सीसीटीएनएस (कॉम्प्युटरवरच्या गुन्ह्यांच्या नोंदी), पासपोर्ट असली कामं आमच्या लोकांना द्या. तशी कामं आहेत की, पण त्या खुर्च्यांवर वशिल्याची तिशीतली पोरं बसलीत.

ताई, पप्पांना व्हीआरएस अजिबात टाकू देऊ नका. ते ज्या बॅचमेटचं ऐकतायत त्यांच्या स्वतःच्या अर्जाचं काय झालं ते आधी विचारा.

कोकण_टू_पणजी

आमच्या दोडामार्गला बसलो की गंमत दिसते, नाक्याच्या अलीकडचा हवालदार ५८ ला घरी आणि पलीकडचा गोव्याचा ६० ला. दोघं एकाच टपरीवर चहा पितात. तामिळनाडूने २०२१ ला ६० केलं, तेलंगणाने ६१, आंध्रने २०२२ ला ६२. पंजाब अजून ५८. ज्या राज्याची तिजोरी रिकामी ते वय वाढवतं असं माझं साधं निरीक्षण, कारण एकरकमी ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे दोन वर्षं पुढं ढकलता येतात. पोलिसाच्या गुडघ्याचा विचार करून कोणी वाढवलं असेल असं वाटत नाही.

खाकी_सोडून_काळा_कोट

मी आधी खात्यात होतो, आता वकिली करतो, मॅटच्या (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या) मॅटर्स बघतो, म्हणून दोन गोष्टी. आस्थापना_टेबल काकांनी मांडणी बरोबर केलीय.

सुप्रीम कोर्टाचा १९९२ चा बैकुंठनाथ दास निकाल या विषयात अजून पहिला वाचला जातो. त्यात कोर्टाने सांगितलं की अशी मुदतपूर्व निवृत्ती ही शिक्षा नाही, त्यात कलंक नाही, म्हणून आधी म्हणणं ऐकून घ्यायची सक्ती पण नाही, आणि न कळवलेले प्रतिकूल शेरेसुद्धा विचारात घेता येतात. हे ऐकून लोक घाबरतात. पण २००१ चा गुजरात सरकार विरुद्ध उमेदभाई पटेल हा निकाल सोबत वाचायचा. त्यात दोन मुद्दे तुमच्या कामाचे आहेत. पहिला, खातेनिहाय चौकशी टाळायला शॉर्टकट म्हणून असं घरी पाठवता येत नाही. दुसरा, जुने प्रतिकूल शेरे असतानाही जर खात्याने प्रमोशन दिलं असेल तर ती गोष्ट कर्मचाऱ्याच्या बाजूने मोजली जाते. तुमचे पप्पा शिपायाचे सहायक फौजदार झाले ना? कसुऱ्या त्याच्या आधीच्या असतील तर त्या जवळपास संपल्या समजा.

आणि समजा ऑर्डर निघालीच, तर मॅटमध्ये जायचं. मुंबई, नागपूर आणि औरंगाबादला खंडपीठ आहे (आता छत्रपती संभाजीनगर). कोर्ट समितीच्या जागी स्वतःचं मत देत नाही, पण समितीने कुठला रेकॉर्ड बघितला ते बघतं, आणि रेकॉर्डला काही नसताना काढलेली ऑर्डर टिकत नाही. व्हीआरएस एकदा मंजूर होऊन तारीख उलटली की मात्र मॅट पण काही करू शकत नाही, तुम्ही स्वतःच दिलेली असते. हा फरक पप्पांच्या मित्राला सांगा.

चावडी_रिकामटेकडा

वरच्यांना मुदतवाढ आणि खालच्यांना पन्नास-पंचावन्न, हाच न्याय. डीजी साहेबांचं (राज्याच्या पोलीस प्रमुखांचं) वय झालं की एक्स्टेन्शन येतं. पडसलगीकर साहेब ऑगस्ट २०१८ ला रिटायर होणार होते ते फेब्रुवारी २०१९ पर्यंत डीजीपी. रश्मी शुक्ला मॅडम जून २०२४ ला ६० च्या झाल्या, तरी त्यानंतरही डीजीच्या खुर्चीवर होत्या. शिपायाला कधी कोणी म्हटलंय का, थांबा अजून दोन वर्षं तुमची गरज आहे?

खाकी_सोडून_काळा_कोट

@चावडी_रिकामटेकडा दोन्ही उदाहरणं सारखी नाहीत हो. पडसलगीकर साहेबांना केंद्राने तीन तीन महिन्यांची मुदतवाढ दिली, ती खरी मुदतवाढ. शुक्ला मॅडमचं प्रकाश सिंग केसमुळे. २२ सप्टेंबर २००६ चा निकाल, डीजीपीला निवृत्तीची तारीख काहीही असली तरी किमान दोन वर्षं द्यायची. हेतू असा होता की सरकार मर्जीप्रमाणे डीजी बदलत राहू नये. मग राज्यं काय करायला लागली, तर रिटायरमेंटला आठवडा राहिलेल्या माणसाला डीजी करायचं म्हणजे आपोआप दोन वर्षं. म्हणून मार्च २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नाव विचारात घेताना किमान सहा महिने सेवा शिल्लक हवी. शुक्ला मॅडम जानेवारी २०२४ ला आल्या, जून २०२४ पर्यंतचा हिशोब तुम्हीच करा 🙂

डे_नाईट_शिपाई

वकील साहेब एक विचारतो. सीआरपीएफ बीएसएफला पण आधी खालच्यांना ५७ आणि वरच्यांना ६० होतं, ते कोर्टात जाऊन एक झालं असं ऐकलंय. मग आमच्याकडं एकाच पोलीस स्टेशनच्या खाली-वर ५८ आणि ६० चालतं ते कसं?

खाकी_सोडून_काळा_कोट

बरोबर ऐकलंय. कमांडंटपर्यंत ५७ आणि त्याच्या वर ६० असं होतं. दिल्ली हायकोर्टाने जानेवारी २०१९ ला ते भेदभाव म्हणून रद्द ठरवलं आणि ऑगस्ट २०१९ ला गृह मंत्रालयाने सरसकट ६० केलं. पण तिथं फोर्स एक, मालक एक, सरकार एक. आपल्याकडं आयपीएसची सर्व्हिस वेगळी, नियम करणारं सरकार वेगळं. शिपायाने जाऊन सांगितलं की एसपीला ६० आहे मला पण द्या, तर उत्तर येतं तुमची तुलना त्यांच्याशी होत नाही, तुमची तुलना राज्याच्या तलाठी-ग्रामसेवकाशी. निवृत्तीचं वय ठरवणं हा सरकारचा धोरणाचा भाग म्हणून कोर्ट सहसा हात लावत नाही. मला स्वतःला हे पटत नाही, तलाठ्याला कोणी दगड मारत नाही (म्हणजे हल्ली वाळूवाले मारतात ते सोडा).

हवालदाराची_लेक

सगळ्यांचे खूप खूप आभार, मला वाटलं पण नव्हतं एवढे रिप्लाय येतील. काल रात्री जेवताना हिंमत करून पप्पांना हे सगळं वाचून दाखवलं. आधी चिडले, म्हणाले घरातल्या गोष्टी नेटवर कशाला. मग उमेदभाई पटेलचा मुद्दा दोनदा वाचायला लावला. कसुऱ्या दोन्ही हवालदार व्हायच्या आधीच्या आहेत, दुसरी युनिफॉर्मच्या टोपीची निघाली, एसपी साहेब आले तेव्हा टोपी जीपमध्ये राहिली होती!! एवढ्यासाठी इतकी वर्षं सांगत नव्हते 🤦‍♀️ बक्षिसं किती तर म्हणाले मोजली नाहीत, पेटीत सगळे कागद आहेत.

पण एक अडचण, त्यांनी व्हीआरएसचा अर्ज लिहून ठेवलाय. दिला नाहीये अजून. त्यांचं म्हणणं भीतीमुळे नाही, कंटाळा आलाय, तब्येत साथ देत नाही, पेन्शन तीच मिळणार असेल तर तीन वर्षं कशाला ओढायची. खरंच तीच मिळते का? ते २००५ च्या खूप आधीचे आहेत म्हणजे जुनी पेन्शन आहे. सहायक फौजदार होऊन दीड वर्ष झालं. आणि जन्मतारीख १ जून आहे, अर्थात गुरुजींनी टाकलेली.

आस्थापना_टेबल

१ जून! महाराष्ट्रातला अर्धा कर्मचारी वर्ग १ जूनला जन्मला, गुरुजींची कृपा. ताई, जन्म १ तारखेचा असेल तर निवृत्ती आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे पप्पांची ५८ ला ३१ मे. बाकी कुठल्याही तारखेचा असता तर त्याच महिन्याचा शेवट, म्हणजे २ जून असती तर ३० जून मिळाला असता. यात अजून एक बारीक मार बसतो. वार्षिक वेतनवाढ १ जुलैची असेल तर ३० जूनला जाणाऱ्याचं वर्ष पूर्ण होतं, आणि सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२३ मध्ये सांगितलं की अशांना ती काल्पनिक वेतनवाढ पेन्शनसाठी धरायची. ३१ मे वाल्याचं वर्ष अकरा महिन्याचं राहतं, त्याला नाही. आता तारीख बदलू म्हणाल तर ते नोकरी लागल्यापासून पाच वर्षांच्या आतच अर्ज करून होतं, त्याची गाडी केव्हाच गेली.

आता पेन्शन तीच का. फॉर्म्युला तोच, शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मे, आणि २० वर्षं अर्हताकारी (पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा झाली की पूर्ण. ती तर झालीच आहे. पण निम्मे कशाचे हा प्रश्न आहे. सोपं धरून चला, आज बेसिक ६०,००० असेल तर पेन्शन ३०,००० अधिक महागाई भत्ता. तीन वर्षं थांबले तर तीन वेतनवाढी, साधारण तीन टक्क्यांच्या, म्हणजे बेसिक ६५,००० च्या पुढं आणि पेन्शन ३२,५०० च्या पुढं. फरक महिन्याचा अडीच हजार वाटतो पण त्यावर महागाई भत्ता चढतो, आणि पुढं मम्मींची कुटुंब निवृत्तिवेतनाची रक्कम पण त्याच बेसिकवर ठरते. हे झालं एक.

दुसरं, आणि हे पप्पांना जास्त लागेल. २०२२ च्या जीआरने नाईक पद काढलं आणि ३० वर्षं सेवा आणि सहायक फौजदार म्हणून तीन वर्षं झालेल्याला श्रेणी पीएसआय केलं जातं. दीड वर्ष झालंय म्हणता, म्हणजे अजून दीड वर्षाने खांद्यावर दोन स्टार. शिपाई म्हणून भरती झालेला माणूस फौजदार म्हणून निरोपाच्या खुर्चीत बसतो, त्याला पैशात मोजू नका. मी कितीतरी जणांचे निरोप समारंभ बघितलेत, नारळ-शाल तीच असते, पण पाटीवर हुद्दा कुठला लिहिलाय ते घरचे आधी वाचतात.

तिसरं म्हणजे पूर्ण पगाराची तीन वर्षं, त्यात लोनचा मोठा भाग फिटेल. अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंतच रोखीत मिळते, त्यामुळं खात्यावर ३०० भरल्या असतील तर उरलेल्या वाया घालवण्यापेक्षा तब्येतीसाठी सुट्टी घ्या म्हणावं, साहेबांना मेडिकल पेपर दाखवून. ग्रॅच्युइटीची कमाल मर्यादा १ सप्टेंबर २०२४ पासून १४ लाखाची २० लाख झालीय. पेन्शनची विक्री (काही भाग आधीच एकरकमी घेणं) करायची असेल तर ४० टक्क्यांपर्यंत करता येते आणि १५ वर्षांनी पूर्ण पेन्शन परत चालू होते.

आता दुसरी बाजू पण सांगतो. डॉक्टर स्पष्ट म्हणत असतील की ही नोकरी झेपणार नाही तर मात्र हे सगळं बाजूला ठेवा आणि जाऊ द्या त्यांना, माणूस आहे तर पेन्शन आहे. तेव्हा नियम ६६ खाली तीन महिन्यांची नोटीस द्यायची. आणि दिल्यावर विचार बदलला तर ती तारीख यायच्या आत अर्ज मागे घेता येतो, पण मंजुरी लागते, ती सहज मिळेलच असं नाही.

बंदोबस्त_२४तास

काकांनी तर अख्खं एजी ऑफिस (पेन्शनच्या फायली बघणारं महालेखापाल कार्यालय) इथंच उघडलं 🙏 ताई पप्पांना म्हणावं दोन स्टार लावून फोटो काढू, मग बघू व्हीआरएसचं.

भरती_२०२६

ताई तुमच्या पप्पांनी ३१ मे पर्यंत करावीच नोकरी, माझा राग त्यांच्यावर नव्हता. भाऊ कुठल्या जिल्ह्यातून फॉर्म भरणार? आमच्याकडं ग्राउंडला एक गट आहे, गोळाफेकीचा कोच चांगला आहे.

हवालदाराची_लेक

@भरती_२०२६ त्याला सांगते, गोळाफेकच त्याची कच्ची आहे 😄 @आस्थापना_टेबल काका, तुम्ही लिहिलेलं प्रिंट काढून पप्पांच्या डब्याच्या पिशवीत ठेवलंय. ते एवढंच म्हणाले की श्रेणी पीएसआयचं त्यांना माहीत होतं पण आमच्या जिल्ह्यात यादी उशिरा निघते, वेळेत हातात पडेल याचा भरवसा नाही. ते खरंय का?

आस्थापना_टेबल

उशीर होतो हे खरं. यादी आस्थापना मंडळाच्या मीटिंगला जाते आणि मीटिंग लांबते. म्हणून तीन वर्षं पूर्ण व्हायच्या दोन-तीन महिने आधीच सेवापटाची प्रत जोडून विनंती अर्ज बारनिशीत द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर घ्यायचा. तोंडी सांगून काही होत नाही. पेन्शन पेपरचं पण तसंच, तुमचा जिल्हा पश्चिम महाराष्ट्रातला म्हणजे प्रकरण एजी मुंबईला जाणार (विदर्भ-मराठवाडावाल्यांचं नागपूरला). निवृत्तीच्या आधीची दोन वर्षं सेवापुस्तक पडताळणीसाठी असतात, ती वेतन पडताळणी पथकाकडून आत्ताच करून घ्यायला सांगा. सहाव्या आणि सातव्या आयोगाच्या वेतननिश्चितीत कुठं जास्तीचं दिलेलं निघालं तर ते शेवटच्या महिन्यात कळतं आणि मग वसुली लावतात.

डे_नाईट_शिपाई

वसुलीचं एक नंबर बोललात काका. आमच्या एका हवालदाराला रिटायर व्हायच्या आठवड्यात पावणेदोन लाखाची निघाली. वकील साहेब, ती वसुली करता येते का हो ग्रुप सी कडून?

खाकी_सोडून_काळा_कोट

ग्रुप सी, डी कडून आणि वर्षभरात रिटायर होणाऱ्यांकडून नाही करता येत, सुप्रीम कोर्टाचा रफिक मसीह निकाल आहे, डिसेंबर २०१४. फक्त पे फिक्सेशनच्या वेळी "जास्त दिलं गेल्यास परत करीन" असं हमीपत्र लिहून दिलं असेल तर भांडण अवघड होतं. त्यांनी दिलं होतं का बघा आणि वेगळा धागा काढा, इथं ताईंचा विषय हरवेल.